आवाजातले गाव : वऱ्हाडी बोली आणि ध्वनि-अभिनयाच्या व्यवसायवाटा

प्रस्तावना

ध्वनि-अभिनय ही अभिनयाची अशी शाखा आहे की, जिच्यात नट प्रेक्षकांपुढे येतच नाही. चेहरा, वेशभूषा, हालचाल ही सारी साधने काढून घेतल्यावर जे उरते, त्या आवाजावरच त्याला माणूस उभा करावा लागतो. आकाशवाणीवरील श्रुतिका, अनुबोधपटाचे निवेदन, परभाषी चित्रपटांचे व बालपटांचे डबिंग, जाहिरात आणि अलीकडे लोकप्रिय झालेली श्राव्य पुस्तके ही या कलेची प्रमुख क्षेत्रे होत. महाविद्यालयांच्या व्यवसाय-मार्गदर्शन कक्षांत या क्षेत्राची माहिती आता दिली जाते. तथापि आवाज ही एक भाषिक व सांस्कृतिक वस्तू आहे आणि तिची समीक्षा होऊ शकते, हा विचार मराठीत अभावानेच आढळतो.

प्रस्तुत लेखाला एक प्रसंग निमित्त झाला. दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातून आलेली, युवक महोत्सवात एकपात्री अभिनयाची पारितोषिके मिळवणारी आमची एक विद्यार्थिनी मुंबईतील एका स्टुडिओत आवाजाची चाचणी देऊन आली. तिला मिळालेला अभिप्राय एका वाक्याचा होता : "आवाज उत्तम आहे, पण त्यातले गाव काढून टाका." तिने हे हसत सांगितले. मात्र पुढील वर्षभर ती वर्गातही 'मले'ऐवजी 'मला' म्हणण्याची काळजी घेत राहिली. गाव काढल्यावर आवाजात नेमके काय शिल्लक राहते, हा प्रश्न तेव्हापासून प्रस्तुत लेखकाच्या मनात आहे.

या लेखाचे प्रतिपादन असे की, ज्याला 'तटस्थ' आवाज म्हटले जाते तो तटस्थ नसून एका विशिष्ट प्रदेशाचा व वर्गाचा आवाज आहे. आणि वऱ्हाडातून येणाऱ्या कलावंताला या व्यवसायात प्रवेश करताना आपली बोली एक तर लपवावी लागते किंवा विनोदासाठी विकावी लागते. या दोहोंपलीकडे तिसरी वाट संभवते काय, याचा शोध येथे अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात घेतला आहे.

वऱ्हाडातील आवाजाची परंपरा

वऱ्हाडाला आवाजाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केला. श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन त्या ऐकणे व लिहून घेणे ही त्यांची पद्धत होती. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे जपण्याची ही धडपड पाहता, मराठी गद्याचा उगम ऐकण्यात आहे, असे म्हणावे लागते. त्याच रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले, हा योग अर्थपूर्ण आहे.

आधुनिक काळात या परंपरेचे दोन थोर प्रतिनिधी अमरावती जिल्ह्यातच जन्मले. संत गाडगेबाबा शेंडगावचे (जन्म १८७६), तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यावलीचे (जन्म १९०९). एकाचे कीर्तन आणि दुसऱ्याचे खंजिरी भजन महाराष्ट्रभर ऐकले गेले. पैकी गाडगेबाबांचे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे निधन झाले. ध्वनि-अभिनयाच्या विद्यार्थ्याने हे मुद्रण पाठ्यपुस्तकाप्रमाणे अभ्यासावे, असे आहे. श्रोत्यांना साधा प्रश्न विचारणे, त्यांच्याकडूनच उत्तर काढणे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचणे आणि मध्येच थांबून शांततेला बोलू देणे ही त्यांची रीत होती. ऐंशीच्या घरातील थकलेला आवाज, खास वऱ्हाडी उच्चार आणि समोर मुंबईकर श्रोते, असे असूनही संवाद कोठेही तुटत नाही. वऱ्हाडी उच्चारांमुळे ऐकणाऱ्याला समजत नाही, या आक्षेपाला याहून चांगले उत्तर नाही.

गाडगेबाबांच्या जीवनावरील 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) हा चित्रपट राजदत्त यांनी दिग्दर्शित केला आणि बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी साकारली. लागू हे व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. घशाची रचना जाणणारा नट परप्रांतीय बोलीला कसा सामोरा जातो, हे पाहण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण आणि चित्रपट एकापाठोपाठ ऐकावेत. नक्कल आणि अभिनय यांतील अंतर तेथे स्पष्ट होते.

एका व्यंजनाची कथा

वऱ्हाडीची ध्वनिवैशिष्ट्ये सर्वपरिचित आहेत. 'ळ' चा 'य' होतो : डोळा-डोया, शाळा-शाया. 'ण' चा 'न' होतो : पाणी-पानी. शब्दारंभीचा 'वि' अनेकदा 'इ' होतो : वीस-ईस. 'मला, तुला' ची 'मले, तुले' अशी रूपे होतात. 'करतो आहे' ऐवजी 'करून राहिला' येते. परीक्षकाच्या दृष्टीने हे 'उच्चारदोष' असतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे नियम आहेत. आणि जे नियमाने घडते, त्याला दोष म्हणता येत नाही.

या नियमाचे व्यवसायात काय होते, याचे बोलके उदाहरण अकोल्याचे कवी डॉ. विठ्ठल वाघ यांच्या सुप्रसिद्ध कवितेत सापडते. त्यांच्या संग्रहाचे नाव 'काया मातीत मातीत' असे आहे. तीच रचना 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटातून घरोघरी पोहोचली, ती मात्र 'काळ्या मातीत मातीत' या नावाने. गीत लोकप्रिय झाले, कवीचे नाव महाराष्ट्रभर झाले, याचा आनंद आहेच. परंतु पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वऱ्हाडी राहिलेला शब्द ध्वनिमुद्रिकेवर प्रमाण झाला. छापील पानावर वाचक बोली सहन करतो, विकाऊ आवाजात मात्र ती दुरुस्त करावी लागते, असा या बदलाचा अर्थ लावता येतो. आमच्या विद्यार्थिनीला दिलेला सल्ला याच रीतीचा पुढचा टप्पा होय.

आकाशवाणी : पहिली पायरी

विदर्भात आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. पुढे अकोल्यालाही केंद्र मिळाले. वऱ्हाडातील आवाजाच्या कलावंतासाठी आजही पहिली अधिकृत पायरी हीच आहे. स्वर-परीक्षा, लेखी चाचणी, नैमित्तिक उद्घोषक म्हणून नोंद आणि महिन्यातील मोजक्या पाळ्या असा हा क्रम असतो. यावर चरितार्थ चालत नाही. पण सूक्ष्मध्वनिग्राहकापुढे बसण्याची शिस्त, श्वासाचे नियोजन, संहितेवर खुणा करण्याची सवय आणि 'दिसत नसलेल्या एका श्रोत्याशी बोलणे' हे शिक्षण येथेच मिळते.

या क्षेत्रातील आदर्श वाटचाल म्हणून बाळ कुडतरकर यांचे नाव घेतले जाते. मुंबई आकाशवाणीवरील 'प्रपंच' मालिकेतील टेकाडे भाऊजी हा त्यांचा आवाज एका पिढीच्या घरातला झाला. नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे पंत यांच्यासह ते कुटुंब श्रोत्यांना खरेच वाटे. कुडतरकरांनी पुढे असंख्य अनुबोधपटांना निवेदन दिले. श्रुतिका ते अनुबोधपट ते जाहिरात ही वाट त्या पिढीने घातली. मात्र ती मुंबईत होती आणि टेकाडे भाऊजींचे घर मध्यमवर्गीय शहरी मराठीचे घर होते.

आकाशवाणीने बोलींना जागा दिली नाही असे नाही. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, लोकसंगीत आणि ग्रामीण श्रुतिका यांत वऱ्हाडी ऐकू येत आली आहे. पण येथे एक अलिखित विभागणी दिसते. बातमी, उद्घोषणा व निवेदन प्रमाण भाषेत. पेरणी, फवारणी व गप्पा बोलीत. अधिकाराचा आवाज एक आणि आपुलकीचा आवाज दुसरा, ही वाटणी श्रोत्यांच्या मनात कायमची रुजली. खाजगी एफएम वाहिन्यांनी पुढे आपुलकीच्या जागी खोडकरपणा आणला. वाटणी तशीच राहिली.

या अधिकृत वाटेला समांतर अशी एक स्थानिक वाटही आहे. अकोल्यात, अमरावतीत ऑटोरिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिराती, साड्यांचे सेल, बियाण्यांच्या कंपन्यांची पेरणीपूर्व मोहीम, निवडणुकीतील प्रचार या सर्वांसाठी आवाज लागतो आणि तो येथील छोट्या स्टुडिओत मुद्रित होतो. काम हंगामी, मोबदला अल्प, नाव कोठेच नाही. परंतु वऱ्हाडी आवाजाला वऱ्हाडीत बोलण्याचे पैसे मिळतात, अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे. गिऱ्हाईकाला ती भाषा आपली वाटते, हे दुकानदाराने ओळखलेले आहे.

डबिंग : मुंबईची वाट

व्यवसाय म्हणून पूर्ण वेळ ध्वनि-अभिनय करणाऱ्यांचे केंद्र मुंबई हेच आहे. मराठी भाषक कलावंतांनी तेथे मोठे काम केले आहे. पण ते मुख्यतः हिंदीत. चेतन शशितल यांची आवाजांवरील हुकमत किंवा 'निंजा हातोडी' व 'नॉडी' या बालमालिकांच्या हिंदी आवृत्त्यांतील मेघना एरंडे यांचे काम सर्वपरिचित आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, या गृहीतकामुळे मराठी डबिंगचा बाजार दीर्घकाळ उभाच राहिला नाही. तमिळ वा तेलुगू कलावंताला आपल्या भाषेत जे काम मिळते, ते मराठी कलावंताला मिळत नसे.

गेल्या काही वर्षांत हे चित्र थोडे बदलले. २०२१ मध्ये 'बाहुबली' मराठीत आला. त्यातील नायकाला डॉ. अमोल कोल्हे यांनी आवाज दिला आणि या आवृत्तीच्या निर्मितीत प्रवीण तरडे यांचा पुढाकार होता. येथे एक समीक्षात्मक प्रश्न उपस्थित होतो. माहिष्मतीचा राजा कोणत्या मराठीत बोलणार? ऐतिहासिक मालिकांनी घडवलेली भारदस्त मराठी त्याला सहज मिळाली. मग कालकेयाने, सैनिकाने, दासीने, वाटाड्याने कोणत्या मराठीत बोलावे? भाषांतरित पटांत राजाला प्रमाण भाषा आणि गावकऱ्याला कुठलीशी सर्वसाधारण 'ग्रामीण' भाषा देण्याची प्रथा आहे. ही ग्रामीण भाषा वऱ्हाडातही बोलली जात नाही आणि कोल्हापुरातही नाही. स्टुडिओत तयार झालेल्या या भाषेला गाव नाही. आमच्या विद्यार्थिनीला गाव काढण्यास सांगणारा व्यवसायच पडद्यावरील गावकऱ्यासाठी एक खोटे गाव निर्माण करतो, ही विसंगती लक्षणीय आहे.

विनोद आणि शोक

बोली लपवण्याखेरीज दुसरा पर्याय ती विनोदासाठी वापरण्याचा. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमातून वऱ्हाडी उच्चार महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात नेले. त्यांचे यश मोठे आहे आणि ते केवळ उच्चाराचे नाही. वाक्य अर्धवट सोडण्याचे त्यांचे भान, आवाज न चढवता दिलेला टोला ही अस्सल वऱ्हाडी संभाषणाची लय आहे. दोष कलावंताचा नाही. प्रश्न मागणीचा आहे. त्यानंतर वऱ्हाडी आवाज हवा म्हणून जेवढी बोलावणी आमच्या विद्यार्थ्यांना आली, त्या सर्वांत 'थोडे गमतीदार' ही अट होती.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करावा लागतो. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभा करणारा प्रयोग ध्वनि-अभिनयाचा मानदंड आहे. अनेकजण तो वऱ्हाडीचा नमुना समजतात. वस्तुतः त्या शीर्षकातील 'वऱ्हाड' लग्नाचे आहे आणि भाषा मराठवाड्याची. बोलींमधील भेद ऐकू न येणे हेही 'सर्वसाधारण ग्रामीण' कानाचे लक्षण होय.

वऱ्हाडी बोली शोक पेलू शकते, हे सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाने दाखवले. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर अलका आपल्या नवऱ्याच्या, किसनाच्या, जिवाला जपू लागते. लहान मुलाला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगते. शीर्षकातच पावसाला घातलेली शिवी आहे. चित्रपटात विनोद आहे, पण तो बोलीवर बेतलेला नाही. परिस्थितीतून निर्माण झालेला आहे. प्रेक्षक उच्चाराला हसत नाही, तो पात्राबरोबर हसतो आणि मग त्याचे हसू अडकते. गिरीश कुलकर्णी व सोनाली कुलकर्णी यांच्यासारख्या वऱ्हाडाबाहेरील नटांनी ही भाषा आत्मसात केली, याचे कौतुक आहे. त्याचबरोबर असा प्रश्नही पडतो की, पुण्याच्या नटाने वऱ्हाडी शिकणे ही साधना ठरते आणि वऱ्हाडच्या नटाचे वऱ्हाडी हा दोष ठरतो, हे कसे?

'धग' मोठ्याने कशी वाचावी?

तिसऱ्या वाटेचा विचार श्राव्य पुस्तकांच्या निमित्ताने करता येतो. २०१७ मध्ये स्टोरीटेलची सेवा भारतात मराठीसह सुरू झाली आणि दीर्घ वाचन हा मराठीत प्रथमच एक स्वतंत्र व्यवसाय बनला. येथे कलावंताला आठ-दहा तास एकट्याने कादंबरी पेलावी लागते.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी या कलेची खरी कसोटी ठरावी. तिचे निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद वऱ्हाडीत. कौतिक, महादेव, भीमा, नामा ही माणसे आपल्या भाषेत बोलतात आणि त्यांच्याभोवतीचे निवेदन दुसऱ्या भाषेत चालते. मुक्या वाचनात हा सांधा डोळ्यांना खुपत नाही. मोठ्याने वाचताना मात्र वाचकाला प्रत्येक पानावर निर्णय घ्यावा लागतो. निवेदन शुद्ध पुणेरी वळणाने वाचले, तर कौतिक परकी होते. जणू कोणी सभ्य माणूस तिच्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडत आहे. संवाद ठसक्यात, टाळी घेण्याच्या बेताने वाचले, तर शोकांतिकेचे प्रहसन होते. महादेवाच्या दुखण्याच्या प्रसंगी तर वऱ्हाडी हेल जरा जास्त झाला, तरी सारे कोसळते.

मग उपाय कोणता? वाचणाऱ्याजवळ दोन्ही भाषा असाव्यात आणि दोन्ही त्याच्या स्वतःच्या असाव्यात. निवेदनाच्या प्रमाण भाषेतही वऱ्हाडी कानाचा संथपणा, वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरणारा सूर राहू द्यावा, म्हणजे निवेदक त्याच गावाच्या वेशीवर बसून सांगतो आहे असे वाटेल. संवादात उच्चार दाखवू नयेत, केवळ बोलावेत. ज्याने घरी 'पानी' आणि वर्गात 'पाणी' म्हटले आहे, असा वऱ्हाडातील पहिल्या-दुसऱ्या पिढीचा शिकलेला तरुण यासाठी सर्वांत योग्य आहे. ज्या द्विभाषिक अवघडलेपणाची त्याला लाज वाटते, तेच त्याचे भांडवल आहे. 'गाव काढून टाका' या सल्ल्यातील उणीव येथे उघड होते. प्रमाण उच्चार शिकणे आवश्यकच आहे. पण ती भर असावी, त्यासाठी बोलीचे विसर्जन करण्याचे कारण नाही.

नाव, हक्क आणि यंत्राचा आवाज

या व्यवसायाचे मूल्यमापन करताना आर्थिक व कायदेशीर बाजू टाळता येणार नाही. भारतीय कॉपीराइट अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क आले. या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासह कसरतपटू, जादूगार, गारुडी व व्याख्यान देणारी व्यक्ती यांचाही उल्लेख आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मानधनाचे व नैतिक हक्क अधिक स्पष्ट झाले. पण त्याच वेळी एक परंतुकही आले. चित्रपटात ज्याचे काम आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला, आपल्या कामाच्या विकृतीला हरकत घेण्यापुरता अपवाद सोडल्यास, प्रयोगकर्ता मानले जाणार नाही. संपूर्ण नायक बोलणाऱ्या डबिंग कलावंताचे काम आनुषंगिक म्हणता येणार नाही, हे खरे. परंतु नाव न देण्याची प्रथा ज्या व्यवसायात रुळलेली आहे, तेथे श्रेयनामावलीतील एक ओळ ही केवळ सन्मानाची बाब राहत नाही. ती हक्काचा पुरावा ठरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न तातडीचा केला आहे. आवाजाची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्या साधनांविरुद्ध गायक अरिजित सिंह यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले. प्रसिद्ध आवाजाला न्यायालयाचे दार माहीत आहे. अकोल्यातील एखाद्या स्टुडिओत दोनशे वाक्ये वाचून देणाऱ्या मुलीच्या आवाजाचे पुढे काय होते, हे तिला कोण सांगणार? सूचना, दूरध्वनीवरील निवेदन, छोट्या जाहिराती ही नवोदितांची उमेदवारीची कामे यंत्राकडे प्रथम जात आहेत. गाव काढून टाकलेला, सर्वत्र सारखा असा आवाज यंत्राला सर्वांत लवकर साधतो. ज्याला 'तटस्थ' होण्यासाठी आपण विद्यार्थ्यांना घडवतो आहोत, तीच जागा सर्वप्रथम जाणार आहे. 'धग'मधील सांधा सांभाळणारा कान मात्र इतक्या सहज तयार होत नाही.

निष्कर्ष

१. ध्वनि-अभिनयात प्रमाण उच्चार हे एक कौशल्य आहे, पात्रतेची एकमेव कसोटी नव्हे. परीक्षकांनी आवाजाचा दोष आणि बोलीचा नियम यांत भेद करावा.

२. वऱ्हाडीला विनोदाच्या चौकटीतून बाहेर काढणे हे कलावंतांइतकेच लेखक, दिग्दर्शक व समीक्षकांचे काम आहे. गाडगेबाबांचे ध्वनिमुद्रण आणि 'गाभ्रीचा पाऊस' या दोन टोकांमध्ये या बोलीची क्षमता सिद्ध झालेली आहे.

३. महाविद्यालयांनी मराठीच्या विद्यार्थ्यांकडून वऱ्हाडी साहित्याचे ध्वनिमुद्रित वाचन करून घ्यावे. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. एक शांत खोली, एक बरा ध्वनिग्राहक आणि ऐकून चूक सांगणारा शिक्षक पुरेसा आहे.

४. कोणत्याही मुद्रणापूर्वी विद्यार्थ्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : आपले नाव, आवाजाच्या वापराची मर्यादा आणि यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापर होणार की नाही याचा स्पष्ट उल्लेख.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेली विद्यार्थिनी सध्या अमरावतीतच आहे. हंगामात ती बियाण्यांच्या जाहिराती वऱ्हाडीत व शाळांच्या माहितीपटांचे निवेदन प्रमाण मराठीत करते. गेल्या पावसाळ्यात विभागातील एका रिकाम्या वर्गात तिने 'धग'मधील कौतिकचा एक प्रसंग वाचून दाखवला. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. तिच्या आवाजात गाव होते, आणि त्या दिवशी ते कोणाला काढून टाकावेसे वाटले नाही.